अंबाड्यातलं पेन

ज्यांनी तो सिनेमा पाहिला असेल, त्यांना हे पेन कदाचित आठवत असेल. शेवटच्या कोर्टाच्या प्रसंगात कॅमेरा लोकांच्या बाकांमागून सावकाश न्यायाधीशाकडे सरकतो. तिसऱ्या रांगेत कडेला एक वयस्क बाई पाठमोरी बसलेली दिसते. मातकट हिरवी साडी, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, पांढुरके केस आणि अंबाड्यात खोचलेलं निळ्या टोपणाचं पेन. त्याआधी ही बाई दोनदा दिसते, तेव्हा तिच्या अंबाड्यात काहीही नसतं.

इंटरनेटवर या पेनाबद्दल बरंच लिहून आलं. काहींनी चूक म्हणून गोल करून दाखवलं. एका मुलाने मोठा लेखच लिहिला. सिनेमातलं भूत कोर्टाच्या लघुलेखिकेच्या बोटांत शिरून टाईप करतं, शेवटी ते त्या बाईत शिरतं, आणि पेन ही त्याची खूण, असं त्याचं म्हणणं. खाली लोकांनी लिहिलं होतं, "भाई, काय डीटेलिंग आहे!"

ते पेन माझं आहे. त्या शॉटमधली वयस्क बाईही मीच आहे. मी बावीस वर्षांची आहे.

या अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त झालेली असतात. मी अजून टी.वाय.ला आहे आणि काम शिकतेच आहे, त्यामुळे मी लिहावं की नाही याबद्दल मला शंका होती. संपादक म्हणाले, पडद्यामागच्या गमती लिही, लोकांना आवडतं. गमती थोड्या आहेत. त्या आधी सांगते.

माझं काम कंटिन्युइटीचं. हे गावी समजावून सांगताना माझी नेहमी अडचण होते. सिनेमा सलग चित्रित होत नाही. वकील प्रश्न विचारतो तो भाग आज, साक्षीदार उत्तर देतो तो उद्या. पडद्यावर मात्र दोन्हींत श्वासाइतकंही अंतर नसतं. मग वकिलाचा चष्मा कुठल्या हातात होता, ग्लासात पाणी कुठवर होतं, साक्षीदाराचं वरचं बटण लावलेलं होतं की नव्हतं, हे कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. ती मी. प्रत्येक शॉटचे फोटो काढायचे, टिपून ठेवायचं आणि पुढच्या शॉटआधी सगळं होतं तसं करून घ्यायचं. काम नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, बिघडलं तर सगळ्यांच्या येतं. माझी आई आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते. ती लगेच म्हणाली, "मंग हे तं माह्यासारखंच काम झालं."

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. वारज्यात कॉट बेसिसवर राहते. कर्वेनगरच्या कॉलेजात नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टिंग करायचे. तिथे एका मॅडमच्या लक्षात आलं की मला कोण कुठे उभं होतं ते आठवतं. त्यांनी एका ओळखीच्यांकडे पाठवलं. आधी छोट्या फिल्म केल्या, मग हा सिनेमा. त्यात जळून मेलेल्या एका नव्या नवरीची केस उभी राहते आणि साक्षीदार फिरल्यावर ती स्वतः साक्ष द्यायला येते.

खरं कोर्ट शूटिंगला मिळत नाही. आमचं कोर्ट वाघोलीतल्या एका गोदामात उभं केलं होतं. बाकं बंद पडलेल्या शाळेची होती. त्यांवर कर्कटकाने कोरलेली मुलामुलींची नावं लांबी भरून बुजवली होती, तरी उजेड तिरपा पडला की ती दिसायची. कपाटातली कायद्याची पुस्तकं थर्माकोलची. घड्याळाचा सेल काढून काटे अकरा दहावर ठेवले होते, म्हणजे दिवसभर कधीही शूट करा, कोर्टात सकाळच. भूत आल्यावर गारठा पडतो आणि माणसांच्या तोंडातून वाफ निघते असं कथेत होतं. शूटिंग मे महिन्यात, वर पत्रा. वाफ नंतर कॉम्प्युटरवर घातली. पण कुडकुडणं तिथेच करायचं होतं. मेकअपवाले वकिलांचा घाम टिपायचे आणि ते लगेच कुडकुडायला लागायचे.

न्यायाधीशांच्या टेबलावर लाकडी हातोडा होता. तो आपल्याकडच्या कोर्टात नसतो, हे सरांना माहीत होतं. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. शनिवार पेठेतले, कमी बोलणारे, आणि बोलले की समोरच्याला गप्प करणारे. एका सहायकाने हातोड्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, हातोडा नसला तर लोकांना वाटेल सगळे बँकेत बसलेत."

याच हातोड्यामुळे सुमनमावशींची आणि माझी ओळख झाली.

कोर्टात बसलेले लोक हवे होते, म्हणून बबनभाऊंनी आसपासची माणसं आणली होती. गर्दी पुरवणं हे बबनभाऊंचं काम. कपडे घरचेच, फक्त भडक नको, पांढरे नको, एवढी त्यांची अट. सुमनमावशी तिथल्याच. एका खानावळीत पोळ्या लाटायच्या. पहिल्या दिवशी मी ओळीने सगळ्यांचे फोटो काढत होते. कोण कुठे बसलं, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या डोक्यावर टोपी. मावशी तिसऱ्या रांगेत कडेला होत्या. न्यायाधीश झालेले नट हातोडा आपटून पाहत होते. मावशी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आमच्या कोर्टात हातोडा न्हाई. जज नुसतं बघत्यात."

"तुमच्या कोर्टात म्हणजे?"

"जिथं माझी केस हाय, तिथं."

मी पुढे विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच सांगितलं. त्यांची मुलगी सविता सासरी स्वयंपाकघरात जळाली. सासरचे म्हणाले, अपघात. दवाखान्यात तिचा जबाब घ्यायला माणसं आली तेव्हा ती बोलू शकत नव्हती. त्याच्या थोडं आधी शुद्धीवर होती आणि तेव्हा जवळ फक्त मावशी होत्या. ती त्यांना म्हणाली होती, आई, दाराला बाहेरून कडी होती. बाकी शेजारीपाजारी साक्षीत फिरले. आता केसमध्ये मावशींची साक्ष राहिली होती, आणि ती लवकरच व्हायची होती.

मी कायदा शिकलेली नाही. पण एवढं मला कळलं की सविताचं शेवटचं बोलणं कोर्टापर्यंत नेणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्यासमोर बसून डब्यातली भेंडीची भाजी खात होतं. आमच्या सिनेमात हे काम भूत करत होतं.

"तुम्ही या सिनेमात कशाला आलात मावशी?" मी विचारलं. मला भीती वाटली की फार आगाऊपणा झाला.

"बबन म्हणला, नुसतं बसायचं हाय. अन् कोर्टाचं बाकडं. म्हणलं, सवय व्हईल. परवा तारखेला गेले तर पाय कापत हुते."

दुसऱ्या दिवशी भुताचा मेकअप करून आमची नायिका सेटवर आली. हात, मान, अर्धा चेहरा जळालेला. तो मेकअप करायला सकाळचा सगळा वेळ गेला होता. सगळे वाहवा करत होते, मोबाईल काढत होते. नायिका स्वभावाने चांगली. ती एका खुर्चीत बसून स्ट्रॉने ताक पीत होती, कारण ओठ हलवले की मेकअप सुटायचा. मावशी उठून तिच्यापाशी गेल्या. मला वाटलं, फोटो काढायला सांगणार.

त्या म्हणाल्या, "बाई, जळजळतंय का?"

"नाही हो मावशी," नायिका हसून म्हणाली. "रबर आहे हे. हात लावून बघा."

मावशींनी हात लावला नाही. "बरं," म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या.

त्या दुपारी भुताची साक्ष होती. तिच्या बोलण्यात एक वाक्य होतं, "मी दार वाजवत होते, कडी बाहेरून होती." लेखकाने ते आपल्या डोक्यातून लिहिलेलं. त्याला मावशी माहीतही नव्हत्या. या वाक्याला मावशींनी डाव्या हाताने पदर उचलला आणि डोळ्यांना लावला. आवाज नाही काही नाही, फक्त खांदे हलत होते.

मॉनिटरपाशी सर पुढे झुकले. "तिसऱ्या रांगेतल्या त्या बाई कोण आहेत? त्यांचा क्लोज घ्या. आत्ता."

इथे माझं काम सुरू झालं. क्लोज घ्यायचा म्हणजे कॅमेरा हलवायचा, लाईट बदलायचे, आणि मग नायिकेने तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. मावशींनी त्याच वाक्याला, त्याच हाताने, तसाच पदर लावायचा. नाही तर आधीच्या शॉटशी जुळणार नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन वाकले.

"मावशी, मघाशी तुम्ही डाव्या हाताने पदर घेतला होता. 'कडी बाहेरून' म्हणाल्यावर. पुन्हा तसंच कराल का?"

"परत तेच बोलणार का ती?"

"हो."

"बरं."

त्या पुन्हा रडल्या. मग लेन्स बदलली, पुन्हा. मग विमान गेलं म्हणून आवाज खराब झाला, पुन्हा. मेकअपवाला डोळ्यात घालायचं ग्लिसरीन घेऊन उभा होता, त्याची गरज पडली नाही. मध्ये मी त्यांना म्हटलं, "मावशी, त्रास होत असेल तर मी सरांना सांगते." त्या म्हणाल्या, "असू दे गं. त्या कोर्टात वकीलबाईंनी बजावलंय, रडायचं न्हाई, इचारलं तेवढंच बोलायचं. घरी रडलं तर म्हातारा उठून बाहेर जातो. हितं बरंय. हितं उलट रडा म्हणत्यात."

मी ते वाक्य अजून विसरलेली नाही.

प्रसिद्धीच्या कामाला यश नावाचा मुलगा होता. माझ्याच वयाचा, सतत पळत. पडद्यामागचे छोटे व्हिडिओ करायचे आणि सिनेमा येण्याआधीच लोकांना दाखवायचे, हे त्याचं काम. त्याने मावशींचा व्हिडिओ केला. मावशी रडताहेत, मग "कट", मग माझा आवाज, "मावशी, पुन्हा तसंच कराल का?", मावशी डोळे पुसतात, मान हलवतात, आणि पुन्हा रडतात. वर लिहिलं होतं, "बटण दाबलं की रडणाऱ्या मावशी!" आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. यशने तो वाईट हेतूने केला नव्हता. त्याला मावशींचं कौतुकच वाटत होतं. मी तो तेव्हा पाहिलाही नाही. सेटवर फोन बघायला मला वेळ नसायचा.

भुताच्या येण्याचे शॉट लांबले. पंखा अचानक थांबायला हवा होता आणि तो काही केल्या ऐन वेळी थांबत नव्हता. शूटिंग वाढलं, आणि मावशींची तारीख नेमकी वाढलेल्या दिवशी आली. त्यांनी बबनभाऊंना सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते.

"मावशी, एकदा फ्रेममध्ये बसलं की उठता येत नाही," बबनभाऊ म्हणाले. "तुमची जागा रिकामी दिसली तर माझं डोकं खातील. पुढची तारीख घ्या की. कोर्टात काय, तारखा मिळतातच."

"आरं बबन, साक्ष हाय माझी."

"आधी सांगायचं ना मग."

"आधी सांगितलं हुतं. तू म्हणला हुता, तवर उरकंल."

बबनभाऊ हातातली यादी चाळू लागले. ते वाईट माणूस नव्हते. पण माणसं फ्रेममध्ये ठेवणं ही त्यांची जबाबदारी होती. खरं तर तेच माझंही काम होतं. तिसऱ्या रांगेतली बाई जागेवर असली पाहिजे, हे बघण्यासाठीच मला तिथे ठेवलं होतं. मी सरांकडे गेले. सरांशी स्वतःहून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. सगळं सांगताना माझी वाक्यं अडखळत होती.

सरांनी ऐकून घेतलं. "उद्या कॅमेरा कुठून आहे?"

"बाकांमागून आहे सर. सगळे पाठमोरे."

"मग त्यांची पाठ लागेल. चेहरा नाही." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमची उंची तेवढीच दिसते. बसा तुम्ही. इतके दिवस लोकांना कसं बसायचं ते सांगताय, जरा स्वतः बसून बघा."

मावशींची साडी कपडेपटात होती. एकदा शॉटमध्ये आलेले कपडे शूटिंग संपेपर्यंत घरी नेता येत नाहीत. मावशी निघताना म्हणाल्या, "निऱ्या नीट घाल, ती सुळसुळीत हाय." कोर्टात त्या शेजारणीची साडी नेसून जाणार होत्या. मी म्हटलं, "मावशी, घाबरू नका." दुसरं काय म्हणायचं ते मला सुचलं नाही.

सकाळी मेकअपवाल्याने माझे केस पांढुरके केले, अंबाडा घातला. मी तिसऱ्या रांगेत बसले. पण माझं खरं काम थांबलेलं नव्हतं. शॉट संपला की मी उठायचे, फोटो काढायचे, टिपायचे, परत येऊन बसायचे. कंटिन्युइटीवाल्यांना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून पेन आम्ही केसांत खोचतो. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की पेन डोक्यात असताना मी खोलीभर पेन शोधलेलं आहे. त्या दिवशी मी सगळ्यांच्या पाठी तपासल्या. पुढच्या रांगेतल्या काकांची कॉलर वळली होती, ती नीट केली. एका पाठीकडे मात्र बघणारं कुणी नव्हतं, कारण बघणारी तिथेच बसली होती.

शॉटमध्ये नायिका तेच वाक्य म्हणाली. मी समोर बघत होते आणि मनात एवढंच होतं की आत्ता तिकडे मावशींना काय विचारत असतील.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, साडी बदलून जागेवर बसल्या. मी जवळ गेले.

"काय झालं मावशी?"

"झाली साक्ष."

"बोललात ना सगळं?"

"बोलले. कडीचं बोलले. अजिबात रडले न्हाई." त्यांनी पदर सारखा केला. "मंग जावयाचा वकील उठला. तरणाच हाय, गोड बोलतो. म्हणला, आई, तुम्ही सिनेमात काम करता का? म्हणलं, बसते. म्हणला, रडायचं काम करता ना? अन् मोबाईल काढला."

मला काही कळेना. त्यांनीच पुढे सांगितलं. सरकारी वकीलबाई उठून हरकत घेऊ लागल्या, जजसाहेबांनी मोबाईल आत ठेवायला लावला. पण तोवर तो वाजला होता.

"तुझा आवाज आला त्यातनं," मावशी म्हणाल्या. "पुन्हा तसंच कराल का, म्हणलीस ते. मला बरं वाटलं उगाच. म्हणलं, वळखीचं कुणीतरी हाय."

मी खाली बघत राहिले.

"मंग म्हणला, दुसऱ्यानं सांगितल्यावर तुम्ही रडता, हे खरं आहे का? मी सांगाय लागले, तर म्हणला, हो का न्हाई एवढंच सांगा."

"मग?"

"म्हणलं, हो."

मी यशकडे गेले आणि तो व्हिडिओ काढायला सांगितला. तो म्हणाला, "अगं, पण सगळ्यात जास्त तोच चाललाय. लोक प्रेमाने बघतायत गं." मी कारण सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला आणि त्याने तो लगेच काढला. पण तोपर्यंत तो इतरांनी उचलून पुढे पाठवला होता. तिथून काढणं कुणाच्याच हातात नव्हतं.

शूटिंग संपलं त्या दिवशी कपडेपटाने मावशींना साडी परत दिली. त्या तिची घडी मोडून, पुन्हा घालत मला म्हणाल्या, "पोरी, ते माझं रडणं पिक्चरमधनं काढता येतंय का बघ. अजून वकिलांची भाषणं व्हायची हायेत. तेवढ्यात पिक्चर आला तर तो वकील परत दाखवंल."

मी हो म्हटलं. मला तो अधिकार नव्हता, तरी म्हटलं.

एडिटिंग कर्वेनगरमध्ये चाललं होतं. कॉलेज सुटल्यावर मी जायचे. पेन तिथे सापडलं. एडिटरने चित्र थांबवलं, मोठं केलं आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. सर मागे बसले होते. माझे कान गरम झाले. जी चूक होऊ नये म्हणून मला ठेवलं होतं, ती माझ्याच डोक्यात उभी होती.

"पुसता येईल कॉम्प्युटरवर," एडिटर म्हणाला, "पण कॅमेरा हलतोय, वर पदराची सावली आहे. बाहेर पाठवावं लागेल, आणि त्याला आता दिवस नाहीत. त्यापेक्षा इथे त्या बाईंचा क्लोज टाकू. प्रश्नच मिटला."

त्याने तो लावून दाखवला. मावशींचा चेहरा पूर्ण पडद्यावर आला. डावा हात, पदर, खांदे.  तो शॉट खरोखर फार चांगला होता, मी खोटं कशाला सांगू? पेन दिसणार नव्हतं, माझी चूक कायमची झाकली जाणार होती.

"सर, तो क्लोज नका घेऊ," मी म्हटलं.

सरांनी वळून पाहिलं. मी मावशींचं म्हणणं सांगितलं. साक्ष, वकील, मोबाईल, राहिलेली भाषणं. या वेळी अडखळले नाही.

"अख्ख्या सिनेमात हा एकच खरा शॉट आहे," सर म्हणाले.

"हो सर."

"आणि तोच काढायचा?"

"हो सर."

 सरांनी चष्मा काढून पुसला. "ठेवा पेन," एडिटरला म्हणाले. "भुताला काहीतरी लिहायचं असेल."

तर हे त्या पेनाचं रहस्य. मावशींचं रडणं सिनेमात कुठेच नाही. त्यांचा चेहरा दोन ठिकाणी ओझरता दिसतो, दोन्ही ठिकाणी त्या नुसत्या समोर बघताहेत. तिसऱ्या ठिकाणी माझी पाठ आहे. वडिलांनी गावातून फोन केला होता. ते कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलतात. म्हणाले, "दिसली वं तुयी पाठ. चार जनाईले दाखोली."

सिनेमात भुताची साक्ष ग्राह्य धरली जाते. हातोडा पडतो, नवऱ्याला शिक्षा होते, पंखा पुन्हा फिरायला लागतो. लोक शिट्ट्या मारतात. मीही एका थिएटरात मागे उभी राहून ते ऐकलं. मला आनंद झाला नाही असं नाही. इतक्या लोकांनी मिळून केलेलं काम होतं ते.

मावशींच्या केसचा निकाल सिनेमानंतर काही महिन्यांनी लागला. जावई सुटला. मी त्यांच्या घरी गेले होते. सरकारी वकीलबाईंनी त्यांना समजावलं होतं की आरोपीला संशयाचा फायदा मिळाला, वरच्या कोर्टात जाता येईल. निकालपत्रात सिनेमाचा, रडण्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. त्यामुळे त्या व्हिडिओने काही बिघडवलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. बिघडवलंच असेल असं मी म्हणू शकत नाही, आणि नसेल असं मानून झोपूही शकत नाही.

मावशी पोळ्यांचं पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे संशय माझ्यावर, अन् फायदा त्याला." नंतर म्हणाल्या, "अपील करायचं हाय. तू ये मधनंमधनं."

या वर्षी मला दुसरं काम मिळालं, एका मालिकेचं. पहिल्याच दिवशी अंत्यविधीचा प्रसंग होता. बबनभाऊ माणसं घेऊन आले, त्यांत सुमनमावशी होत्या. तीच मातकट हिरवी साडी. मला बघून त्यांनी हात वर केला. या मालिकेच्या दिग्दर्शकाने तो जुना व्हिडिओ पाहिलेला होता. तो खुशीत येऊन म्हणाला, "अरे वा, त्याच मावशी का? मावशी, तुम्ही पुढे बसा. मी ॲक्शन म्हटलं की रडायला सुरुवात करा."

मावशी पुढे येऊन बसल्या. ॲक्शन झालं. बायका रडायला लागल्या, कुणी ऊर बडवला. मावशी मांडीवर हात ठेवून समोर बघत होत्या.

"कट! मावशी, काय झालं? रडा की."

"बसते म्हणून आलेय, साहेब," मावशी म्हणाल्या. "बसते. रडायचं आता माझ्या सवितासाठीच ठेवलंय."

दिग्दर्शकाने बबनभाऊंकडे पाहिलं. बबनभाऊंनी जमिनीकडे पाहिलं. मग दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं, कारण पहिल्या शॉटमध्ये जे झालं तेच पुढे न्यायचं हे सांगणारी मी. मी केसांतलं पेन काढलं आणि त्यांच्यासमोरच लिहिलं. पहिली रांग, मधली बाई, हिरवी साडी, डोळे कोरडे.

"शॉटमध्ये लागून गेलंय सर," मी म्हटलं. "आता शेवटपर्यंत असंच ठेवावं लागेल."